किरकोळ कप्प्यातल्या छात्या

मी स्कॅनर आहे, मित्रांनो, जुना झालेला, आणि या घडीला माझ्या काचेवर कुणाच्या तरी ओल्या चपला वाळत घातलेल्या आहेत. त्याच काचेवर एके काळी काय काय पालथे पडून गेले हे त्या चपलावाल्याला ठाऊक असते, तर त्याने निदान खाली एखादे वर्तमानपत्र तरी अंथरले असते. पण त्याला सांगणार कोण? मला तोंड नाही. उजेड होता, तोही आता गेला. मोठी माणसे यंत्राचे ऐकून घेत नाहीत, ती स्वतःच फार बोलतात. म्हणून तुम्हाला सांगतो. गोड काही ऐकायचे असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा. मी राग गिळून बसलेला आहे आणि आज तो बाहेर काढणार आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढरे डगले आणि हातमोजे घातलेल्या बायकांनी माझी काच बसवली. काचेवर धुळीचा एक कण राहिला तरी अख्खी काच परत जायची. काचेखाली त्यांनी एक दिवा आणि एक डोळा बसवला. ते दोघे पट्ट्यावरून सरकत जातात आणि पालथे ठेवलेले पान टिपत टिपत पलीकडे पोचतात. सगळ्या स्कॅनरांचे एवढेच असते. माझ्या झाकणात मात्र आणखी एक दिवा होता. कागदाला खालून उजेड दिला की भागते. फिल्म असेल तर उजेड वरून आरपार जावा लागतो. ते मला येत होते. त्यामुळे माझी किंमत इतरांपेक्षा जास्त होती आणि त्याचा मला माज होता, खोटे कशाला बोलू?

मला एका संशोधन संस्थेने घेतले. जुने कागद आणि जुनी संशोधने गोळा करायची, त्यांच्या प्रती काढून संगणकात ठेवायच्या, म्हणजे कुठेही बसलेल्या माणसाला त्या पाहता येतील, असे तिचे काम. याला डिजिटल संग्रह म्हणतात. मला तळमजल्यावरच्या एका खोलीत बसवले. ऊन येऊ नये म्हणून तिथल्या खिडकीच्या काचा रंगवून टाकल्या होत्या. भिंतीला ओल होती, आणि ओलीवर उपाय म्हणून तिच्यावर एक दिनदर्शिका टांगलेली होती.

खोलीत दोन माणसे होती. मला चालवायचा तो मामा. कुणाचा मामा ते कुणालाच माहीत नव्हते. भाचा म्हणून कधी कुणी भेटायला आला नाही. दुसरी सूचीबाई. मी जे टिपले ते काय आहे, कुणाचे आहे, कधीचे आहे आणि उद्या ते कशाखाली शोधायचे, याची नोंद ती संगणकात करायची. तिला खरे नाव होते, पण ते पगाराच्या दिवसापुरतेच कामाला यायचे.

मामा म्हणायचा, "बाई, तुम्ही नसतात तर हे सगळं म्हणजे नुसता ढीग."

"आणि तुम्ही नसतात तर ढीगसुद्धा झाला नसता. हात पुसा आधी. शेंगदाणे खाऊन नकाशाला हात लावताय."

काय काय आले म्हणून सांगू, मित्रांनो! माणूस कशाचा नाद घेईल याला धरबंद नाही. एका स्टेशनमास्तरने सिग्नलच्या खांबावर कोणता पक्षी कधी बसला हे जन्मभर टिपून ठेवले होते. एकाने विहिरीच्या पाण्यातल्या खारटपणावर प्रबंध लिहिला होता, आणि प्रत्येक विहिरीचे पाणी स्वतः पिऊन पाहिल्याचे अभिमानाने नमूद केले होते. नाटक कंपन्यांच्या जाहिराती आल्या. साथीच्या काळात दवाखान्यात कुणाला किती पेज दिली त्याचे तक्ते आले. बोलणारे शेवटचे म्हातारे मेल्यावर बंद पडलेल्या एका भाषेचे व्याकरण आले. त्यात ‘मला तहान लागली आहे’ हे वाक्य होते आणि ते म्हणणारे कुणी उरले नव्हते. एका विद्वानाने नदीने पात्र बदलले असे ठासून लिहिले होते, तर दुसऱ्याने पहिल्याला वेड्यात काढले होते. दोघेही एकाच सकाळी माझ्या काचेवर पालथे पडले. तिथे कुणी मोठा नव्हता, कुणी छोटा नव्हता. सगळ्यांना उजेड सारखा.

त्या काळात माझे फार कौतुक झाले. पाहुणे यायचे, वाकून बघायचे, म्हणायचे, "आता काही हरवणार नाही." मीही भाबडा. मला ते खरे वाटले.

आता नीट ऐका, कारण सगळे एका शब्दावर येऊन अडणार आहे.

टिपलेली प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी कप्प्यात टाकावी लागते. कप्पे वरून ठरून आले होते. इतिहास, भाषा, भूगोल, शेती, कायदा, कला. आणि सगळ्यात शेवटी ‘किरकोळ’. तुम्ही आम्ही किरकोळ म्हणतो ते क्षुल्लक गोष्टीला. किरकोळ दुखापत, किरकोळ भांडण, किरकोळ अंगाचा माणूस. सूचीच्या धंद्यात मात्र तो शब्द तसा नाही. तिथे किरकोळ म्हणजे इतर कुठल्याच कप्प्यात न बसणारे. सूचीबाईला हे तिच्या आधीच्या सूचीकाराने शिकवले होते, त्याला त्याच्या आधीच्याने. स्टेशनमास्तरचे पक्षी किरकोळमध्ये. विहिरीचे खारट पाणी, ना धड भूगोल ना धड शेती, म्हणून तेही किरकोळमध्ये.

मामा एकदा म्हणाला, "बाई, तुमच्या किरकोळमध्येच सगळी मजा आहे बघा. बाकीचे कप्पे म्हणजे परीक्षेचा अभ्यास."

"असणारच," ती म्हणाली. "ज्याला कुणी घरात घेत नाही ते सगळे माझ्याकडे."

अशातच एका दुपारी एक वयस्कर बाई हातगाडीवर लोखंडी पेटी लादून आल्या. हमालाने पेटी खोलीत ठेवली, नाक दाबले आणि पैसे न मोजताच बाहेर पळाला. पेटीतून आंबट दर्प येत होता.

"शिरका सांडलाय की काय आत?" मामाने विचारले.

"शिरका नाही, माझा संसार आहे," बाई म्हणाल्या. "खोकलेवाल्या डॉक्टरची मी बायको. जन्मभर हे माझ्या पलंगाखाली होतं. नवरा पलंगावर कमी आणि हे पलंगाखाली जास्त."

पेटीत एक्स-रेच्या फिल्मा होत्या. जुनी फिल्म आतून कुजायला लागली की तिला तसा वास सुटतो.

डॉक्टरीणबाईंनी सगळे सांगितले. गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी गारगोटी दळायची गिरणी होती. गारगोटी म्हणजे तो पांढरा, चकाकणारा दगड, तुम्हीही रस्त्यात दिसला की खिशात टाकता. तो दळून मैद्यासारखी पूड करायची. काचेत, रंगात, भांडी घासायच्या भुकटीत ती लागते. गिरणीला लागून कामगारांची वस्ती होती आणि वस्तीत खोकला होता. ऐन उमेदीतली माणसे चार पावले चालून धापा टाकायची. मालक म्हणायचे, विडीचा खोकला आहे. डॉक्टरला ते पटत नव्हते. पोरेबाळे नसलेला, कुणाशी फार न बोलणारा तो माणूस दर वर्षी उसनी एक्स-रेची गाडी घेऊन वस्तीवर जायचा आणि छातीमागून छाती टिपायचा. विडीला कधी हात न लावलेल्या बायकांच्या छात्यासुद्धा. त्यावर त्याने संशोधन लिहिले. छापायला नेले तर विषय फारच स्थानिक आहे म्हणून परत आले. पुढे गिरणी बंद पडली, डॉक्टर गेला, पेटी उरली.

"जपाल ना?" बाईंनी विचारले.

"जपू," सूचीबाई म्हणाली.

"जपा. माझ्या पलंगाखालून काही हरवलं नव्हतं, एवढं लक्षात ठेवा."

मग माझ्या झाकणातला दिवा लागला. आजवर मी अक्षरे पाहिली होती. आता माणसे आतून पाहिली.

धडधाकट छातीतली फुफ्फुसे फिल्मवर काळी दिसतात, स्वच्छ काळी, कारण तिथे हवा असते. बरगड्या पांढऱ्या. या फिल्मांत त्या काळोखात पीठ शिंतडल्यासारखे ठिपके होते. फिल्मच्या कोपऱ्यात पांढऱ्या शाईने नाव आणि साल. तोच माणूस पुढच्या साली परत यायचा आणि ठिपके वाढलेले असायचे. त्याच्या पुढच्या साली ठिपक्यांचे गोळे झालेले असायचे. मामा सुरुवातीला ओळखीचे नाव आले की म्हणायचा, "या पाहुणे, या." काही दिवसांनी त्याने ते म्हणायचे सोडले. एखाद्या नावाची पुढची फिल्म पेटीत सापडली नाही की तो नुसताच माझे झाकण धरून उभा राहायचा. मशीन बिघडले का, म्हणून सूचीबाई एकदा बघायला उठली.

"मशीन बरं आहे," तो म्हणाला. "ह्याची पुढची नाही."

सगळे टिपून झाले. आता कप्पा कुठला? संस्था इतिहास आणि भाषा यांतल्या पंडितांनी काढलेली. माणूस आजारी पडतो हे त्यांच्या ध्यानात आले नसावे. आरोग्य असा कप्पाच नव्हता. सूचीबाईने वर विचारले. उत्तर आले की नवा कप्पा निर्माण करण्याची तरतूद नाही, योग्य त्या ठिकाणी समाविष्ट करावे. तिने योग्य ते ठिकाण निवडले. तिच्या सगळ्यात लाडक्या कप्प्यात, किरकोळमध्ये, तिने त्या छात्या ठेवल्या. नोंदीत प्रत्येकाचे नाव लिहिले.

पुढे काय झाले ते मी उभ्या उभ्या पाहिले आणि काही करू शकलो नाही. आधी समिती बसली. फिल्मांचा वास इतर कागदांना लागतो, शिवाय त्या आता संगणकात आहेतच, तर मूळ कशाला, असे ठरले. फिल्मांतून चांदी निघते म्हणे. भंगारवाला पेटीसकट घेऊन गेला. डॉक्टरीणबाई तोवर वारल्या होत्या, म्हणून त्यांना कळवण्याचा प्रश्न आला नाही. समितीला बरेच वाटले असेल.

मग काही वर्षांनी नवे साहेब आले. वाईट माणूस नव्हता तो, हे मी मुद्दाम सांगतो. कारण वाईट माणसानेच वाईट होते असे तुम्हाला शाळेत शिकवतात. हा नीटनेटका माणूस होता. टेबलावर कागद राहू द्यायचा नाही. संग्रह जुन्या संगणकातून नव्या मोठ्या संगणकात हलवायचा होता आणि नव्या ठिकाणी जागा बेताची मिळाली होती. काहीतरी मागे ठेवणे भाग होते. सूचीबाई तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर होती. साहेब आमच्याच खोलीत उभे राहून कप्प्यांची नावे वाचत होते.

"इतिहास, भाषा... आणि हे किरकोळ? किरकोळ कशाला ओढत न्यायचं?"

मामा माझी काच पुसत होता. "साहेब, ते किरकोळ म्हणजे तसं किरकोळ नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बाई आल्या की सांगतील. ते नुसतं नाव आहे."

"मामा, शब्दाचा अर्थ मला शिकवू नका. किरकोळ म्हणजे किरकोळ."

झाले. स्टेशनमास्तरचे पक्षी गेले, खारट विहिरी गेल्या आणि गिरणीवस्तीच्या छात्या गेल्या. आवाज झाला नाही. कागद जळाला तर धूर तरी होतो, मित्रांनो. संगणकातले पुसले की पडद्यावर जागा किती मोकळी झाली तेवढे दिसते, आणि लोक खूश होतात.

मामाने नंतर सूचीबाईला सांगायचे म्हणून ठेवले आणि सांगितले नाही. ती नातीच्या आनंदात आली होती, फोटो दाखवत होती, आणि त्याच्या जिभेवर ते येईना. पुढे आलेले सगळे कागद इतिहासाचेच निघाले, त्यामुळे किरकोळ उघडायची वेळ तिच्यावरही आली नाही. मग तोही निवृत्त झाला. हार घातला, भाषणे झाली. जाताना त्याने माझ्या झाकणावर हात ठेवला आणि निघून गेला.

त्यानंतर एका सकाळी गिरणीवस्तीवरची शिक्षिका आली. बारीक अंगाची, आवाज मात्र वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. बरोबर तिचा धाकटा भाऊ होता, पहिलवानासारखा रुंद, खोलीच्या दारातून तिरका होऊन आत आला.

"खोकलेवाल्या डॉक्टरांच्या फिल्मा इथे आहेत ना?" तिने विचारले. "त्यांच्या बायकोने माझ्या आईला सांगितलं होतं."

"आहेत की!" सूचीबाईचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत त्या छात्यांची चौकशी करणारे हे पहिलेच माणूस. "बसा. मी स्वतः नोंद केलीय. नाव सांगा फक्त."

शिक्षिकेने आपल्या वडिलांचे नाव सांगितले आणि कामही सांगितले. गिरणी पुन्हा चालू होणार होती. त्याआधी लोकांचे म्हणणे ऐकायला सरकारी सुनावणी होती. नवे मालक म्हणत होते, इथे पुडीमुळे कुणी आजारी पडल्याचा काहीही पुरावा नाही, त्यामुळे पाण्याचे फवारे आणि धूळ ओढणारी यंत्रे यांचा खर्च आमच्यावर घालू नका.

"पुरावा नाही म्हणतात!" ती म्हणाली. "माझा बाप खाटेवर बसून झोपायचा, आडवा झाला की गुदमरायचा. आणि आता हा," तिने भावाकडे बोट केले, "ह्याने गिरणीत नाव दिलंय."

"मग काय करू, ताई? तुझ्या पगारावर किती दिवस खाऊ?" भाऊ म्हणाला. "आणि सगळी वस्ती नाव देतेय. मी काय एकटा शहाणा?"

"फवारे बसवल्याशिवाय तू आत पाय टाकायचा नाहीस."

"बसवतील गं."

"पुरावा दाखवला तर बसवतील. नाहीतर तुझ्या छातीला कोण विचारतंय?"

सूचीबाई तोवर नाव लिहून शोधत होती. पडद्यावर काही आले नाही. तिने नाव वेगळ्या तऱ्हेने लिहिले. मग साल घातले. मग कप्पाच उघडायला गेली आणि थांबली. भाषा होती, कला होती, कायदा होता. शेवटची ओळ नव्हती.

"थांबा हं," ती म्हणाली. "असेल. कुठे जातंय?" आणि पुन्हा शोधू लागली. मी तिचा उतरत जाणारा चेहरा पाहत होतो आणि मला वाटले, माझी काच फुटेल तर बरे.

संग्रह हलवला होता तो साहेबांनी, म्हणून ती त्यांना खाली घेऊन आली. तिला वर जाऊन भांडायचे नव्हते. जिथे नोंदी केल्या तिथे भांडायचे होते.

"तुम्ही माणसं पुसलीत, साहेब."

साहेबांनी सगळे ऐकून घेतले. त्यांनाही धक्का बसला होता, पण नीटनेटका माणूस धक्कासुद्धा घडी घालून ठेवतो. "बाई, मला वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण शब्द तुमचा होता. मी फक्त वाचला."

मला तोंड असते तर मी याला उत्तर दिले असते. शब्द वाचण्याआधी कप्पा उघडून बघायचा असतो, साहेब. झाकण उचलायला काय वजन लागते? मी जन्मभर झाकण उचलूनच तर काम केले.

सगळ्या संग्रहाची दुसरी प्रत होती. संस्थेच्या कपाटात एक तबकडी होती, अशा प्रसंगासाठीच मुद्दाम ठेवलेली. ठेवल्यापासून ती कुणी लावून पाहिली नव्हती. लावली तर आतून कट कट आवाज आला आणि ती कायमची गप्प झाली.

मग सूचीबाई मामाच्या घरी गेली आणि त्याला घेऊन आली. मामा वाळला होता. त्याने साहेबांचे ते बोलणे सांगितले, मान खाली घालून. ती म्हणाली, "ते राहू द्या आता. काही उरलंय का, ते सांगा."

मामाला आठवले. मोठी प्रत काढण्याआधी मी एक झटपट छोटी प्रत काढतो, फिल्म वाकडी तर बसली नाही ना ते बघायला. नखाएवढी. ती मला जोडलेल्या जुन्या संगणकात पडून राहते. तो संगणक कुणीच साफ केला नव्हता, कारण तो कुणाच्या लक्षातच नव्हता. त्या नखाएवढ्या छात्या तिथे होत्या, रांगेने, प्रत्येकीखाली मामाने टंकलेले नाव. शिक्षिकेने वडिलांचे नाव ओळखले आणि ती पडद्याला हात लावून उभी राहिली.

"मोठी करा," ती म्हणाली.

मामाने मोठी केली. बरगड्या मोठ्या झाल्या, पुसट झाल्या, सगळ्याचे धुके झाले. ठिपके त्या धुक्यात मिसळून गेले होते. ठिपके हाच पुरावा होता.

तरी तिने त्या छापून नेल्या. सूचीबाई आणि मामा दोघेही तिच्याबरोबर सुनावणीला गेले. तिथे काय झाले ते दुसऱ्या दिवशी खोलीत कळले. गिरणीच्या बाजूच्या डॉक्टरने कागद उजेडाकडे धरला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाला, "हे ढग आहेत. या ढगांचा मी काय अर्थ लावू?" काही लोक हसले. सूचीबाईने उठून सांगितले की या फिल्मा मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. अधिकाऱ्याने सौम्यपणे विचारले, "तुम्ही डॉक्टर आहात का?" आणि पुढचे नाव पुकारले.

फवाऱ्यांची अट लागली नाही. गिरणीला परवानगी मिळाली.

मित्रांनो, गोष्ट इथे संपवता आली असती. पण शिक्षिका तिथे थांबली नाही. ती पुन्हा आली, आणि सूचीबाईने मामाला बोलावून घेतले. तो रुंद भाऊही बरोबर होता, जरा ओशाळलेला. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर जाणार होता. घरात खूप भांडणे झाली होती, तरी त्याने ऐकले नव्हते. फक्त तिची एक गोष्ट त्याने मान्य केली होती. कामाच्या पहिल्या दिवसाआधी त्याने दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढून घेतला होता. ती फिल्म तिने पिशवीतून काढली.

"ही याची पहिली," ती म्हणाली. "अजून पुडीत पाय टाकलेला नाही. हे आधी नोंदवा. पुढच्या वर्षी मी दुसरी आणीन. वस्तीत जेवढ्यांनी नाव दिलंय तेवढ्या सगळ्यांच्या आणीन. डॉक्टर नाहीत तर मी. मग कोण ढग म्हणतं ते बघू."

"ताई, असं बोलू नकोस गं, मी काय मरायला चाललोय?" भाऊ म्हणाला. मग मामाकडे वळून हसला, "मामा, चांगला येऊ द्या हं फोटो. लग्नाला दाखवायचाय."

कुणी हसले नाही. मामाने बोटे पुसली, फिल्म माझ्या काचेवर ठेवली, झाकण लावले. माझ्या वरच्या दिव्याचे आयुष्य तेव्हा संपतच आले होते, तो फडफडत होता. मी होता नव्हता तेवढा उजेड गोळा केला आणि सावकाश, फार सावकाश, त्याच्या छातीवरून सरकत गेलो. फुफ्फुसे काळी होती. कुठेही एक ठिपका नाही. इतकी स्वच्छ छाती मी त्या वस्तीची आजवर पाहिली नव्हती, कारण डॉक्टर पोचायचा तोवर उशीर झालेला असायचा.

सूचीबाईने नोंद केली. कुणालाही न विचारता तिने नवा कप्पा उघडला आणि त्याला नाव दिले ‘गारगोटी गिरणीच्या धुळीने माणसांच्या छातीवर होणारा परिणाम’. कप्प्याच्या नावाला एवढी जागा नसते. नाव दोन ओळींत गेले.

"साहेब विचारतील," मामा म्हणाला.

"विचारू देत. वाचता येतं ना त्यांना? तेवढ्यासाठीच लिहिलंय."

शिक्षिकेने फिल्म परत पिशवीत घातली. "मूळ मी तुमच्याकडे ठेवणार नाही," ती म्हणाली. "राग मानू नका." सूचीबाईने मान हलवली. राग मानायचा हक्क तिच्याकडे उरला नव्हता.

त्या कामानंतर माझा वरचा दिवा गेला तो गेलाच. दुरुस्तीला पैसे नाहीत, नवे यंत्र येणार आहे, असे सांगून मला व्हरांड्यात आणून ठेवले. पुढे खालचाही गेला.

मला नवा दिवा मिळावा म्हणून मी हे सांगितलेले नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले काही साहेब होतील. तुमच्या हातात हजारो माणसांचे काहीबाही येईल आणि जागा नेहमीच कमी असेल. तेव्हा टाकण्याआधी उघडून बघा, एवढेच मागणे आहे. ठेवले म्हणजे जपले असे समजू नका. ठेवलेले अधूनमधून चालते का तेही बघा. प्रत काढली म्हणून मूळ भंगारात घालू नका. आणि एखाद्या गोष्टीला कुठेच जागा सापडत नसेल, तर तिच्यासाठी जागा करा. सोयीचा शब्द शोधून तिला त्याच्याखाली दडपू नका.

तो मुलगा आत्ता गिरणीत आहे. पाळी सुरू झाली असेल. चाकातून पांढरी पूड उडत असेल आणि तिच्यात उभा राहून तो पोती भरत असेल. तोंडाला फडके बांधले असेल, ताईने बजावले म्हणून. त्याच्या छातीत अजून पुष्कळ काळोख शिल्लक आहे. दुसरी फिल्म यायला वेळ आहे, मित्रांनो. ती येण्याआधी कुणीतरी गिरणीत पाणी मारा.